गळाची गाठ आणि केसाला टांगलेले आमिष
लहान भांडवलाच्या एका हुन्नराचा धडा

मासे धरण्याच्या सामानाच्या दुकानात लहानशी प्लॅस्टिकची पाकिटे टांगलेली दिसतात. आत एक गळ, त्याला वीतभर दोरा, दोऱ्याच्या शेवटाला पितळी फिरकी आणि गळाच्या खाली लोंबणारा एक बारीक फास, एवढाच माल असतो. कच्च्या मालाची किंमत पाहिली तर ती मामुली आहे. गिऱ्हाईक पैसे मोजते ते गाठीचे. तळ्याकाठी दिवसभर बसल्यावर एखादा दांडगा मासा लागतो आणि त्या क्षणी सारा भार या गाठीवर येतो. ती सुटली तर मासा गेला, दिवस गेला, आणि ज्या दुकानातून पाकीट घेतले त्या दुकानाचे नावही गेले.

या तयार जोडणीला इंग्रजीत 'हेअर रिग' म्हणतात. इंग्लंडात कार्प मासा गळाने धरणे हा मोठा शौक आहे आणि त्या शौकावर सामानाचा मोठा व्यापार उभा आहे. काही शौकीन आपल्या जोडण्या स्वतः बांधतात, ज्यांना सवड किंवा सराव नाही ते तयार घेतात. काम हाताचे आहे, जागा टेबलाएवढी लागते, यंत्र लागत नाही. शिवणकाम, जरीकाम, मणी ओवण्याचे काम केलेल्या हातांना ते लवकर जमते. म्हणून हा धडा आम्ही होतकरू तरुणांसाठी आणि घरबसल्या काम करू इच्छिणाऱ्या भगिनींसाठी तपशिलाने देत आहोत.

माशाचे खाणे आधी समजून घ्या

कार्पच्या जबड्यात दात नसतात. त्याचे दात घशात असतात, त्यांनी तो दाणे आणि शिंपले चिरडतो. ओठ मऊ, पुढे लांबणारे असतात. तळाशी फिरताना तो खाद्य ओढून तोंडात घेतो, चाचपतो, आणि काही वेगळे वाटले की क्षणात फुंकून बाहेर टाकतो. गळावर आमिष खोचले की ते जड होते आणि नेहमीच्या दाण्यासारखे हलत नाही. ज्या तळ्यात मासा पूर्वी गळाला लागून सुटलेला आहे, तेथे तो असे आमिष सहसा टिकू देत नाही. शिवाय मोठे, घट्ट आमिष गळाच्या वाकात भरले की टोक झाकले जाते, आणि मासा तोंडात घेऊनही ते रुतत नाही.

कार्प गळाने धरणे जवळजवळ अशक्य, असा इंग्लंडात एके काळी समज होता. १९५२ साली रिचर्ड वॉकर यांनी रेडमायर नावाच्या तळ्यात ४४ पौंडांचा, म्हणजे सुमारे २० किलोचा कार्प धरला आणि तो लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ठेवला गेला, तेव्हा या शौकाला जोर आला. पुढे लेनी मिडलटन आणि केविन मॅडॉक्स या दोघा शौकिनांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस एक साधी युक्ती काढली. आमिष गळावर खोचायचेच नाही, ते गळाच्या खाली बारीक धाग्याने टांगायचे आणि गळ उघडा ठेवायचा. आरंभी त्यासाठी माणसाचा खराखुरा केस वापरला गेला, त्यावरून 'हेअर' हे नाव पडले. आज केस कोणी वापरत नाही, दोऱ्याचेच शेपूट वापरतात, पण नाव कायम राहिले.

मासा आमिष ओढून घेतो तेव्हा उघडा गळही मागोमाग तोंडात जातो. फुंकून टाकताना आमिष बाहेर पडते, पण गळाचे टोक खालच्या ओठाला अडकते. मुख्य दोऱ्यावर दोन ते तीन औंसांचे, म्हणजे सुमारे ५७ ते ८५ ग्रॅमचे वजन असते. टोचणी लागताच मासा दचकून पळतो आणि वजनाच्या ओढीने गळ पक्का बसतो. युक्तीचा सारा भर आमिष आणि गळ वेगळे ठेवण्यावर आहे. बांधणाऱ्याने हे विसरले तर गाठ सुबक होईल, पण जोडणी काम करणार नाही.

साहित्य

गळाला आपण चार भागांनी ओळखू. दोरा ओवायचे ते नेढे, सरळ भाग तो दांडा, खालचा वळलेला तो वाक, आणि शेवटी टोक. टोकाच्या आतल्या बाजूला उलटा काटा असतो, काही गळांना तो नसतो. क्रमांकाची रीत उलटी आहे, हे नवख्याने ध्यानात ठेवावे: क्रमांक वाढला की गळ लहान. कार्पसाठी ४ ते १० क्रमांकांचे गळ चालतात, त्यांतही ६ आणि ८ यांना अधिक मागणी असते. नॉर्वे आणि जपान येथील गळांना जगात नाव आहे. इंग्लंडातील रेडिच हे सुयांचे जुने गाव गळांसाठीही प्रसिद्ध होते.

माल घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. टोक अंगठ्याच्या नखावर हलके ओढावे. धारदार असेल तर रुतते, बोथट असेल तर घसरते. नेढ्याची तार जेथे मिळते तेथे फट नसावी, कारण बारीक दोरा त्या फटीत शिरून कापला जातो. आणि प्रत्येक खेपेतील एक-दोन गळ पकडीत धरून वाकवून पाहावेत. कट्‌कन मोडला तर पोलाद ठिसूळ, सहज उलगडला तर मऊ. दोन्ही प्रकार परत करावेत.

दोरे चार प्रकारचे. आपल्याकडे ज्याला तंगूस म्हणतात तो एकेरी नायलॉनचा दोरा. बारीक तंतूंचा विणलेला मऊ दोरा. विणलेल्या दोऱ्यावर प्लॅस्टिकचा थर दिलेला दोरा. आणि पाण्यात कमी दिसणारा ताठ फ्लोरोकार्बन. गळाजवळच्या तुकड्यासाठी १५ ते २५ पौंड ताकदीचा दोरा सर्वसाधारणपणे वापरतात. याखेरीज फिरकी, आमिष ओवण्याची आकडीदार सुई, आमिष निसटू नये म्हणून फासात अडकवायचा बारीक प्लॅस्टिकचा अडसर, सिलिकॉनची बारीक नळी, धारदार कात्री आणि मोजपट्टी एवढे पुरे.

बिनगाठीची गाठ

या जोडणीसाठी सर्वांत रूढ असलेल्या गाठीचे इंग्रजी नावच 'नॉटलेस नॉट', म्हणजे बिनगाठीची गाठ असे आहे. यात दोरा स्वतःवर आवळत नाही, दांड्याभोवती वेढे घेतो. त्यामुळे ताकद फार घटत नाही, आणि केस व गळाची गाठ एकाच तुकड्यात तयार होतात. कृती अशी:

१) सुमारे ३० सेंटिमीटर दोरा कापा. एक टोक दुमडून त्या दुहेरी भागाची निरगाठ घाला, मात्र आतून एकदा न काढता दोनदा काढा. अर्धा सेंटिमीटरचा फास राहू द्या.

२) आमिष आधीच चढवा. सुई आमिषातून आरपार घाला, आकडीत फास अडकवून मागे ओढा, फासात अडसर ठेवा. आमिषाशिवाय केसाची लांबी अंदाजाने ठरवू नका.

३) दोऱ्याचे मोकळे टोक गळाच्या नेढ्यातून पाठीकडून ओवा. पाठ म्हणजे गळाच्या टोकाच्या उलट बाजू. केस दांड्याच्या पाठीला लागून खाली येईल.

४) आमिष वाकाच्या खाली हवे तेवढे लोंबते की नाही ते पाहा आणि केस दांड्यावर अंगठ्याने दाबून धरा.

५) आता लांब टोकाने दांडा आणि केस या दोहोंभोवती, नेढ्यापासून वाकाकडे सात-आठ वेढे घ्या. वेढे शेजारी शेजारी बसावेत, एकमेकांवर चढू नयेत. शेवटचा वेढा साधारण टोकाच्या समोर यावा.

६) लांब टोक वर नेऊन पुन्हा नेढ्यातून ओवा, आणि पुन्हा पाठीकडूनच. दोरा गळाच्या टोकाच्या बाजूने बाहेर पडला पाहिजे.

७) गाठ पाण्याने भिजवा आणि सावकाश, एकसारखी ओढा.

८) वाकाजवळ केस भरकटत असेल तर सिलिकॉन नळीचा पाच मिलिमीटरचा तुकडा दांड्यावर सरकवून केस त्याखाली धरा. नळी मात्र पहिल्या पायरीआधीच गळावर चढवून ठेवा.

सहावी पायरी सर्वांत महत्त्वाची. दोरा टोकाच्या बाजूने निघाला तर ओढ बसताच गळ फिरतो आणि टोक ओठाकडे वळते. उलट ओवला तर गळ सरळ राहतो आणि तोंडातून निसटतो. वरवर पाहता दोन्ही गाठी सारख्याच दिसतात. नवीन कारागिराच्या मालात हा दोष फार सापडतो. तपासण्याची रीत सोपी आहे. जोडणी तळहातावर आडवी ठेवून दोरा हळू ओढावा. गळ वळून टोक कातडीला लागले तर जोडणी बरोबर.

केसाची लांबी

लहान केसाने आमिष वाकाला चिकटते आणि टोक झाकते. लांब केसाने मासा आमिष घेतो, पण गळ तोंडाबाहेरच राहतो. १५ मिलिमीटरच्या गोळीसाठी ६ क्रमांकाचा गळ घेतला, तर वाक आणि गोळी यांच्यात तीन ते पाच मिलिमीटर अंतर ठेवून सुरुवात करावी. गोळीचा आकार बदलला की केसाचा आकार बदलतो, हे पाकिटावर स्पष्ट छापले पाहिजे. एकसारखा माल निघावा यासाठी लाकडी फळीवर दोन खिळे ठोकून फासापासून दांड्यापर्यंतचे माप कायम करावे. शिंप्याच्या टेपाचे जे काम, तेच या फळीचे.

कोणत्या दोऱ्याला कोणती गाठ

गळाला बिनगाठीची गाठ झाली, आता दुसऱ्या टोकाला फिरकी बांधायची. येथे दोरा पाहून गाठ निवडावी.

विणलेला दोरा मऊ आणि निसरडा. त्याला 'पालोमार' गाठ उत्तम. दोरा दुमडून तो दुहेरी भाग फिरकीच्या कडीतून ओवावा, त्याची सैल निरगाठ घालावी, उरलेला फास पूर्ण फिरकीवरून उलटवून घ्यावा आणि दोन्ही दोरे एकदम ओढावेत. कडीवर दोन पदर बसतात, म्हणून दोरा घसरत नाही.

तंगूसला 'ग्रिनर' गाठ चांगली. टोक कडीतून ओवून मागे वळवावे, मोठा फास ठेवावा, त्या फासाच्या आतून मुख्य दोऱ्याभोवती चार-पाच वेढे घ्यावेत, टोक ओढून वेढे गोळा करावेत आणि मग गाठ कडीपर्यंत सरकवावी. गाठ ओली करून ती सरकवली तरच तिचा गुण दिसतो.

'हाफ ब्लड' ही गाठ जुनी आणि सोपी: टोक ओवून मुख्य दोऱ्याभोवती पाच वेढे, मग टोक कडीजवळच्या भोकातून मागे, आणि शेवटी तयार झालेल्या मोठ्या फासातून पुन्हा एकदा. तंगूसवर ती बरी, पण विणलेल्या दोऱ्यावर ती घसरते. तेथे तिचा मोह टाळावा.

फ्लोरोकार्बन ताठ असतो, वेढे नीट बसत नाहीत आणि घाईने आवळला तर चटकन दुखावतो. त्याला वेढे कमी, पाणी जास्त आणि हात संथ हवा. थराच्या दोऱ्यात गाठीपुरता थर नखाने सोलून काढावा. थरासकट बांधलेली गाठ पुरती आवळत नाही.

गाठ का तुटते

आवळताना दोरा स्वतःवर घासतो, त्यातून उष्णता निघते आणि नायलॉन मऊ पडते. कोरडी गाठ झटक्याने ओढली तर डोळ्यांना काही दिसत नाही, पण ताकद तेथेच संपलेली असते. दोऱ्याच्या मध्यात नकळत पडलेली साधी निरगाठ तर तंगूसची ताकद निम्म्यावर आणू शकते. असा तुकडा फेकून द्यावा, नखाने सोडवून पुन्हा वापरू नये.

दर वीस नगांतून एक नग काट्याच्या तराजूला अडकवून तुटेपर्यंत ओढावा आणि आकडा वहीत लिहावा. कोठे तुटला तेही पाहावे. दोरा मध्येच तुटला तर रिळात दोष आहे. नेढ्याशी तुटला तर तारेला कंगोरा आहे किंवा गाठ कोरडी आवळली आहे. टोक डुकराच्या शेपटासारखे गोल वळलेले सापडले तर दोरा तुटलेला नाही, गाठ घसरली आहे. म्हणजे निवडच चुकली. वीस नगांपैकी एक गमावल्याचे दुःख करू नये. उरलेल्या एकोणीस नगांची हमी त्या एकाने दिलेली असते.

माशाचा जीव

इंग्लंडात धरलेला कार्प बहुतेक वेळा तोलून पुन्हा पाण्यात सोडतात. तोच मासा वर्षानुवर्षे अनेकांच्या गळाला लागतो. त्यामुळे तेथील गिऱ्हाईक गाठीच्या ताकदीइतकेच माशाच्या सुरक्षिततेकडे पाहते. दोरा तुटला तर वजन आपोआप सुटावे आणि मासा ते ओढत फिरू नये, अशी जोडणी लागते. अनेक तळ्यांवर उलट्या काट्याविना गळच चालतात, काही ठिकाणी नेमके उलट नियम आहेत. म्हणून पाकिटावर 'काट्याचा' किंवा 'बिनकाट्याचा' हे ठळक हवे.

शिशाच्या वजनांचीही गोष्ट ध्यानात घ्यावी. हंस लहान शिसे गिळून मरू लागले, तेव्हा ब्रिटनने १९८७ पासून ०.०६ ते २८.३५ ग्रॅम वजनाच्या शिशाच्या मासेमारी वजनांच्या विक्रीवर बंदी घातली. एका नियमाने व्यापाराचा माल बदलला. परदेशी गिऱ्हाइकासाठी काम करायचे तर तेथील कायद्याची चौकशी आधी, खरेदी नंतर.

आपल्याकडे उपयोग किती?

मुंबईत पवई तलावावर गळाने मासे धरणाऱ्यांची परंपरा जुनी आहे आणि महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही त्यांची संस्था तेथे आहे. रोहू, कटला, मृगळ हे कार्पच्याच कुळातले. विलायतेतला कॉमन कार्पही आपल्याकडे परका राहिलेला नाही. तो १९३९ साली श्रीलंकेतून निलगिरीत आणि १९५७ साली बँकॉकहून दुसऱ्या जातीत भारतात आला. यांपैकी मृगळ आणि कॉमन कार्प तळाशी चरतात, म्हणून तळावर पडणारी ही जोडणी त्यांना लागू पडते. रोहू मधल्या थरात चरतो, तरी तळाचे आमिषही घेतो. कटला वरच्या थरात खातो, त्याच्यासाठी ही जोडणी घेऊन बसण्यात अर्थ नाही.

एक अडचण आमिषाची. आपल्याकडे गरवायला जाणारे कणकेचा किंवा पेंडीचा गोळा वापरतात. तो मऊ असतो, केसावर टिकत नाही. इंग्लंडात पीठ आणि अंडी मळून उकडलेल्या घट्ट गोळ्या वापरतात, त्या सुईने ओवता येतात. येथे भिजवून शिजवलेला मका किंवा काबुली चणा ते काम करतो. दाणे कच्चे किंवा अर्धवट भिजलेले वापरू नयेत, ते माशाच्या पोटात फुगतात. आणि हेही सांगितले पाहिजे की राज्यातील बरेच तलाव आणि जलाशय मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. परवानगीशिवाय गळ टाकणे हा दुसऱ्याच्या रोजीला हात घालण्याचा प्रकार आहे.

हिशेब

आम्ही येथे नफ्याचे आकडे देत नाही. गळ आणि दोऱ्याचे भाव गावोगाव आणि खेपेगणिक वेगळे असतात, आणि छापील नफ्यावर भांडवल घालणारे फसतात. रीत मात्र सांगतो. आधी शंभर नग बांधा. गळ, दोरा, फिरकी, नळी, पाकीट यांची खरी किंमत लिहा. तोडून पाहिलेले पाच नग आणि बिघडलेले नग त्यातच धरा. घड्याळ लावून लागलेले तास मोजा आणि तुमच्या गावात शिवणकामाला जी मजुरी मिळते ती त्या तासांना लावा. बेरजेला उरलेल्या चांगल्या नगांनी भागा. तो आकडा दुकानदाराच्या खरेदीच्या भावापेक्षा जास्त आला, तर हात बसेपर्यंत थांबा. स्वस्त गळ घेऊन तो खाली आणू नका.

सुरुवात दोनच प्रकारांनी करावी: ६ आणि ८ क्रमांक, एकच दोरा, एकच लांबी. विलायतेत नातेवाईक असतील तर तेथील दोन-तीन पाकिटे नमुन्यादाखल मागवावीत, गाठी उलगडून पाहाव्यात. पाकिटावर गळाचा क्रमांक, दोऱ्याची ताकद, लांबी आणि कोणत्या मापाच्या आमिषासाठी ते नमूद करावे. दुसऱ्या कंपनीचे नाव किंवा चित्र कधीही छापू नये. माल दमट हवेत गंजतो, म्हणून पूर्ण वाळवून बंद करावा, विशेषतः कोकण आणि मुंबईत पावसाळ्यात.

दुकानदाराला पहिल्या भेटीत भाव सांगण्याआधी तराजू काढावा आणि त्याने स्वतः निवडलेला नग त्याच्यासमोर तोडून दाखवावा. दोरा तुटला आणि गाठ शाबूत राहिली, तर पुढचे बोलणे सोपे होते. या व्यापारात गिऱ्हाईक पाण्याच्या काठावर एकटे असते, विकणारा जवळ नसतो आणि तक्रार ऐकायलाही कोणी नसते. त्याच्या हातात तुमची गाठ तेवढी असते. ती तुम्ही स्वतः वापराल अशीच बांधावी.